चपला लपवणारी शिवन्या

या हो, अशा पुढं येऊन बसा. तिकडं लांब बसून एकमेकींच्या कानात काय कुजबुजताय? मला सगळं ऐकू येतं. "ही ती शाळेत येड्या पोरांना सांभाळणारी बाई," असंच ना? अहो, तुमचीच पोरं होती ती! घरी असेपर्यंत सोन्या नि पिल्लू. शाळेतून फोन आला की, "बाईंनीच काहीतरी म्हटलं असेल." आणि समुपदेशनाच्या मॅडमकडं दोन दिवस पाठवा म्हटलं की तोंडाला पदर. "आमच्या घराण्यात नाही हो असलं काही." पोट दुखलं तर मधे घराणं येत नाही, मग जीव दुखला की कसं येतं? जाऊ द्या. दिवाळीच्या तोंडावर रागवत नाही. फराळाचं ताट पुढं ओढा आणि ऐका.

मी मालन. सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत कामाला होते. आधी बालवाडीत मदतनीस. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडक्यांना कडेवर घ्यायचं. शिक्षण दहावी, तेही लग्नानंतर बाहेरून. आमचे हे एसटीत कंडक्टर. ते म्हणायचे, "मी दिवसभर गर्दी आत घेतो, तू दिवसभर गर्दी आवरतेस. दोघांचा धंदा एकच."

लॉकडाऊन उठलं आणि पोरं शाळेत परत आली, ती वेगळीच. मैदानावर सोडलं तरी भिंतीला चिकटून उभी. काही उगीच मारायची, काही उगीच रडायची. एक तर बाकाखालीच बसायचा, वर यायला तयार नाही. तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी समुपदेशनासाठी एक खोली रिकामी केली आणि मिरजेहून गौरीमॅडमना बोलावलं. मॅडम शिकलेल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्या काही दिवसच यायच्या. बाकीच्या दिवशी खोलीत कुणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून मला बसवलं. बाई म्हणाल्या, "मालनताई, तुमच्याजवळ पोरं गप्प होतात."

मी म्हटलं, "बाई, माझ्या बडबडीत त्यांना सवड मिळत नसेल."

तुम्ही विचाराल, या कामात करायचं काय असतं? खरं सांगू का, बराच वेळ काहीच करायचं नसतं. एखादं पोर बाकं ढकलून, वह्या भिरकावून लालबुंद होऊन यायचं. त्या वेळी त्याला काही विचारायचं नाही आणि शहाणपण तर मुळीच शिकवायचं नाही. उतू जाणाऱ्या दुधापुढं कुणी भाषण करतं का? गॅस बारीक करायचा आणि थांबायचं. पाणी द्यायचं. शेजारी बसायचं, समोर नाही. हे मला मॅडमनी शिकवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती मी जन्मभर विसरणार नाही. "मालनताई, 'का केलंस' असं विचारू नका. 'का' म्हटलं की पोर आरोपी होतं. 'कधीपासून' असं विचारा, आणि तेही आधी घरच्या मोठ्यांना."

माझ्याकडून त्यात भर पडली ती शेंगांची. माझा भाऊ कडेगावकडं शेती करतो. त्यानं पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा घरी तशाच पडल्या होत्या. एकदा थोड्या पिशवीत घालून शाळेत नेल्या आणि मोकळ्या वेळात फोडत बसले. महिनाभर कुणाशी अक्षर न बोललेली एक पोरगी शेजारी येऊन बसली, फोडायला लागली, आणि तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. मॅडम म्हणाल्या, नजर खाली आणि हात कामात असले की माणसाला बोलायला सोपं जातं. त्यांच्या पेटीत चिकणमाती नि ठोकळे होते ते त्यासाठीच. मग एका कोपऱ्यात माती नि दुसऱ्यात शेंगा असं सुरू झालं. आधी पोरं त्या खोलीला 'येड्यांची खोली' म्हणायची. नंतर ती 'शेंगांची खोली' झाली आणि ठणठणीत पोरंही पोट दुखतंय म्हणून यायला लागली, तो वेगळाच ताप.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुने. एक बाप ऊसवाहतुकीच्या धंद्यातला. गाडीची किल्ली बोटात फिरवतच आत आला. म्हणाला, "मॅडम, काय असंल ते इंजेक्शन देऊन टाका पोराला. मला कारखान्यावर जायचंय."

मॅडम म्हणाल्या, "इंजेक्शन आहे, पण ते तुम्हाला आहे. रोज संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसायचं. काही शिकवायचं नाही, नुसतं बसायचं."

त्यानं किल्ली फिरवायची थांबवली. "त्यापरास सुई परवडली असती," म्हणाला. पण बसला हो तो माणूस. मला भेटला की अजून हात जोडतो.

सगळंच आमच्या हातात असतं असं नाही. नववीतली एक मुलगी परीक्षेच्या धास्तीनं स्वतःच्या भुवया उपटायची. तिला मॅडमनी ताबडतोब डॉक्टरांकडं पाठवलं आणि ते बरंच झालं. कुठं आपण थांबायचं हे कळणं हाही या कामातला मोठा भाग आहे. आणि एका मुलाला तर त्याच्या घरच्यांनी, "आमचं पोर येडं ठरवलं," म्हणून शाळेतूनच काढून नेलं. तो कुठं आहे, कसा आहे, मला माहीत नाही. बाजारात त्या वयाचा मुलगा दिसला की अजून मान वळते.

पण आज सांगायचंय ते शिवन्याचं. नाव बदललंय, तेव्हा ओळखायची खटपट करू नका.

शिवन्या दुसरीत होती. मूळचं घर कुंडलचं, शेतात ऊस, बाप अमोल फौजेत. आई कोमल पोरीच्या शिक्षणासाठी विश्रामबागेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. सोबतीला सासू, शेवंताआजी. ती कधी इथं, कधी कुंडलला. पोरगी दिसायला गोड, अक्षर टपोरं. पण दिवाळीनंतर तिच्याबद्दल तक्रार सुरू झाली ती चोरीची.

वर्गाच्या बाईंच्या गाडीची किल्ली हरवली. सगळी शाळा पालथी घातली तेव्हा ती शिवन्याच्या दप्तरात निघाली. काही दिवसांनी शिपाईमामांची चप्पल गेली, तीही एकाच पायाची. मामा दिवसभर एका पायात चप्पल घालून लंगडत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "आर्धी चोरी झालीया." चप्पल शिवन्याच्या बाकाखाली. घरी कोमलची किल्ली, आजीचा चष्मा, सगळं अधूनमधून गायब. शिवाय वर्गाच्या बाई पाण्याची बाटली भरायला दाराबाहेर गेल्या तरी ही किंचाळत मागं पळायची. सकाळी फाटकापाशी आईला सोडायची नाही. सोडवलं तर उलटी.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चोर मुलगी' असं कुणीतरी लिहिलं. तुम्ही नसालच त्यात, मला माहीत आहे. मुख्याध्यापिकाबाईंवर दबाव यायला लागला. आणि घरी शेवंताआजीनं निकाल देऊन टाकला. शिवन्याला कुंडलला न्यायचं, आजीनं सांभाळायचं, तिथल्या शाळेत घालायचं आणि कोमलनं इथं नोकरी करायची. अमोल पुढच्या सुट्टीत आला की तोच पोरीला नेऊन सोडणार, असं ठरलं.

मला त्या चोरीचं काही उमगेना. जन्मात एका पायाची चप्पल नेणारा चोर मी पाहिला नव्हता. आम्ही कोमलला बोलावलं. मॅडमनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "हे कधीपासून सुरू झालं?"

कोमल म्हणाली, "दिवाळीनंतर. म्हणजे, हे सुट्टी संपवून ड्यूटीवर गेले तेव्हापासून. पण मॅडम, त्याचा काही संबंध नाही. बापाची आठवण येत असती तर बोलली असती ना त्यांच्याशी? व्हिडिओ कॉल आला की कॉटखाली जाऊन बसते. ते बिचारे तिकडं फोन धरून बसतात आणि आम्ही इकडं कॉटचे पाय दाखवतो."

दुसऱ्या दिवशी शिवन्याला मी खोलीत आणलं. दोघी शेंगा फोडत बसलो. मी आपलं बोलता बोलता म्हटलं, "आज घरी माझी एक चप्पल सापडेचना बाई. अनवाणी यायची पाळी आली होती."

ती हसली नाही. "मग कशा आलात?"

"दुसरा जोड होता की."

तिचे हात थांबले. "मग काही उपयोग नाही."

"कशाचा गं?"

"लपवून उपयोग नाही. मी बाबांची चप्पल लपवली होती, गादीखाली. तरी गेले. बूट घालून गेले."

मी शेंग फोडत राहिले. त्या वेळी मान वर केली असती तर माझ्या तोंडावरचं तिनं वाचलं असतं आणि पुढचं बोलणं बंद झालं असतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बाबा म्हणाले होते, संध्याकाळी भेळ खायला जाऊ. मी शाळेतून आले. बूट नव्हते."

"आणि मग?"

"आजी म्हणाली, फौजीच्या घरात रडत नाहीत."

"मग तू काय केलंस?"

"ही शेंग किडकी आहे," असं म्हणून तिनं ती बाजूला टाकली.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगते, म्हणजे कळेल. आमच्या सातारा-सांगलीकडं घराघरात कुणीतरी फौजेत. माझा चुलताही होता. सुट्टी संपली की हा माणूस काय करतो? सकाळी हसत पोरांना शाळेत पोचवतो, खाऊचं कबूल करतो, घरी येतो आणि मग बॅग बाहेर काढतो. पोर रडू नये म्हणून. पोर शाळेतून येतं तर बाप नाही. कुणाच्याही मनात पाप नसतं बघा. सगळे मायेनंच करतात. पण त्या पोरीनं काय शिकावं? आपण शाळेत गेलो की घरचं माणूस नाहीसं होतं. म्हणून ती शाळेत थांबायला तयार नव्हती आणि माणसं जाऊ नयेत म्हणून किल्ल्या नि चपला धरून ठेवत होती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मॅडमनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आणि तिलाच आता आईपासून तोडून कुंडलला नेणार. तेही बापच नेऊन सोडणार. मालनताई, हे झालं तर फार अवघड होईल. तिला एकदा कुणीतरी तोंडावर सांगून जायला हवं. तिला रडू द्यायला हवं."

दोघी त्यांच्या घरी गेलो. शेवंताआजी दारातच.

"आवं ताई, चोरीचा माल हुडकाया आलाय व्हय?"

मी म्हटलं, "आवं आक्का, च्या प्यायला आलोय. माल घावला तर तुमचा चष्मा तेवढा देऊन जातो."

तेव्हा कुठं हसली. नाकावर चष्मा नव्हताच. तो त्याही दिवशी गायब होता.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. आजी शांतपणे ऐकत होती. पण "अमोल निघताना पोरीला सांगून निघू दे आणि तिला रडू दे," असं म्हणताच ती ताडकन म्हणाली, "न्हाई. त्ये हुयाचं न्हाई."

आजी माझ्याकडं वळली. "ताई, तुमी आमच्याकडच्याच. तुमाला सांगते. माजा धाकला दीर फौजंत हुता. रजा सपली, निगाला. त्येची बायकू नवी नवरी. उंबऱ्यात बसली, त्येच्या पायाला मिठी घातली आन लय रडली. त्यो गेला त्यो गेलाच. पेटी आली घरला. तवापास्नं आमच्या उंबऱ्यात कुनी डोळ्यात पानी काडत न्हाई. ह्या अमोलला म्या येकदा बी रडून धाडला न्हाई, आन त्यो दर बारीला परत आलाय. आता तुमी म्हंता, पोरीला रडू द्या. उद्या काय इपरीत झालं तर तुमची मॅडम येनार हाय का?"

मला भीती वाटली, मॅडम आता अंधश्रद्धा वगैरे काढतात की काय. पण गौरीमॅडमचे उपकार मी यासाठीच मानते. त्या म्हणाल्या, "आजी, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही." आणि गप्प बसल्या.

चहा आला. प्यायलो. एका बाजूला नातीची भीती, एका बाजूला आजीची. दोन्ही एकाच माणसापायी. मी विचार करत होते, नेम नक्की कशाचा आहे?

म्हटलं, "आक्का, नेम उंबऱ्याचा हाय न्हवं?"

"व्हय."

"आणि स्टँडावर?"

"स्टँडावर बी नगं. पाऊल भाईर पडल्यावर नगंच."

"आदल्या दिशी?"

"घरात नगं."

"आदल्या दिशी, शाळंत?"

आजीनं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "शाळंत... शाळंला कुटं आलाय आपला उंबरा?" आणि लगेच बोट वर केलं. "पर घरला येस्तवर तिचं डोळं पुसून आना. आन माज्याम्होरं ह्या इषयावर कुनी बोलायचं न्हाई."

"आणि कुंडलचं?"

"बगू. पोर सुदारली तर कशाला नेऊ? मला काय हौस आलीया का हितनं तितं पोर नाचवायची?"

जिना उतरताना मॅडम मला म्हणाल्या, "मालनताई, हे कुठल्या पुस्तकात नाही."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आधी गप्प बसला नसता तर आजी एवढं बोललीच नसती."

अमोलची सुट्टी आली. सुट्टीभर शिवन्या घरी त्याच्या अंगाखांद्यावर आणि शाळेत आमच्या जिवाला घोर. मॅडमनी त्याला आधी एकट्याला बोलावलं. उंचापुरा गडी. आमच्या खोलीत पोरांच्या छोट्या खुर्च्या. एकीवर तो बसला तर गुडघे कानापाशी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, बर्फात ड्यूटी करायला सांगा, करतो. हे नका सांगू. तिच्या तोंडाकडं बघून 'जातो' म्हटलं तर माझा पाय उचलणार नाही."

मॅडम हळूच म्हणाल्या, "म्हणजे न सांगता जाता ते तिच्यासाठी नव्हे."

तो बसल्या बसल्या माझ्या टोपलीतल्या शेंगा फोडायला लागला. निघताना म्हणाला, "कधी येऊ, सांगा."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. शिवन्याला वर्गातून बोलावलं. बापाला शाळेत बघून ती खुश झाली आणि लगेच तिचा चेहरा बदलला. पोरांना वास येतो हो. दोघं शेंगा फोडायला बसली. मी दाराशी, मॅडम कोपऱ्यात. अमोलच्या हातात शेंगेबरोबर दाणेही चुरडत होते.

"शिवू," तो म्हणाला, "माझी सुट्टी संपली. उद्या सकाळी मी जाणार."

तिनं वर बघितलं नाही. "बूट घालून?"

"बूट घालून."

"भेळ?"

"भेळ आज संध्याकाळी. उद्या नाही. उद्या मी नसणार."

ती उठली आणि तिनं दोन्ही मुठींनी बापाला मारायला सुरुवात केली. छातीवर, खांद्यावर, जिथं हात पोचेल तिथं. "खोटारडे! खोटारडे! मागच्या वेळी खोटं बोललात!"

"हो, बोललो," तो म्हणाला. "म्हणून आज खरं सांगायला आलो."

मग ती जी रडली! शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. दिवाळीपासून आत कोंडलेलं सगळं बाहेर येत होतं. बापही रडत होता आणि हातानं पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मी उठायला लागले तर मॅडमनी मला नुसत्या नजरेनं बसवलं. खरंच, काही करायचं नव्हतं. रडून रडून पोर दमलं आणि बापाच्या मांडीवर जड झालं. मग तिनं विचारलं, "परत कधी येणार?"

अमोलनं आमच्याकडं बघितलं. मॅडमनी त्याला आधीच बजावलं होतं, जे माहीत नाही ते कबूल करायचं नाही. तो म्हणाला, "तारीख मला अजून माहीत नाही शिवू. कळली की सगळ्यात आधी तुला सांगीन. फोनवर येशील का पण?"

"बघू," ती म्हणाली. अगदी आजीसारखं.

दुसऱ्या दिवशीची हकीकत मला कोमलनं सांगितली. सकाळी आजीनं अमोलच्या हातावर दही-साखर घातली. शिवन्यानं गादी उचलली, खालची चप्पल काढली, कारण या वेळीही ती लपवून झालीच होती, आणि त्याच्या बुटांशेजारी आणून ठेवली. "ही पण घेऊन जा. तिकडं लागेल." उंबऱ्यात तिच्या डोळ्यात थेंब नाही. जिनं नेम घातला ती आजी मात्र मुलाची पाठ वळताच न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. कोमल म्हणाली, "मावशी, टाकी रिकामी झाली, तरी बाहेर येईनात."

मी सकाळपासून शाळेच्या फाटकाशी. सगळी परीक्षा त्या दिवशीच होती. कोमल गाडीवरून आली, शिवन्याला उतरवलं आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे तिच्या डोळ्याकडं बघून म्हणाली, "मी आता दवाखान्यात चालले. शाळा सुटली की मीच येणार." पोरगी उभी राहिली. आईकडं बघितलं, गाडीच्या किल्लीकडं बघितलं. मग वळली आणि वर्गात गेली. मधेच वर्गाच्या बाई ऑफिसात जायला उठल्या, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. शिवन्यानं मान वर केली, दाराकडं बघितलं, आणि परत वहीत डोकं घातलं.

झालं. एवढंच. दुसरीतली पोरगी वर्गात बसली. बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं वाटणार? मी मात्र खोलीत जाऊन मॅडमना मिठी मारली. त्यांच्या साडीला शेंगांची फोलपटं लागली.

लगेच सगळं सरळ झालं असं समजू नका. पुढंही एकदोनदा किल्ली गेली, फाटकापाशी रडणं झालं. पण वर्गाच्या बाईंनी एक सवय लावून घेतली, वर्गाबाहेर पाऊल टाकताना पोरांना सांगायचं, "मी ऑफिसात जाऊन येते." आधी हसायच्या, "एवढं काय मी विलायतेला चाललेय?" मग त्यांनाच आवडायला लागलं. सगळा वर्गच निवांत झाला म्हणायच्या. फोनवर शिवन्या हळूहळू कॉटखालून बाहेर आली. आणि कुंडलचं नाव परत कुणी काढलं नाही.

गंमत पुढंच आहे. पुढच्या महिन्यात शेवंताआजी खोलीच्या दारात उभी. हातात पिशवी.

"काय आक्का, इकडं कुठं?"

"कुंडलला चाललीया. उसाला पानी देयाचं हाय. पोरीला सांगून जावं म्हनलं." आणि आवाज बारीक करून, "घरातनं निगताना नगं वाटलं. हितं बसू का जरा?"

शिवन्याला बोलावून आणलं. दोघी शेंगा फोडत बसल्या आणि नातीआधी आजीचाच बांध फुटला. केवढी रडली म्हातारी! दिराचं, मुलाचं, सगळ्या वर्षांचं असेल. शिवन्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला म्हणाली, "मावशी, आजीला पाणी द्या. आणि आता काही विचारू नका."

अहो, गौरीमॅडमची सगळी विद्या त्या पोरीला आली होती.

मी या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभ नको म्हटलं. त्याऐवजी खोलीत येणाऱ्या एकेका पोराला आधीच सांगितलं, मी अमुक दिवसानंतर इथं नसणार. काही जण "बरं" म्हणून खेळायला पळाले. काहींनी शेंगा कोण आणणार हे आधी विचारून घेतलं. शिवन्या आता चौथीत. ती थोडं रडली, तिथंच, खोलीत. मग माझ्या घराचा पत्ता विचारला आणि पाठ करून मला म्हणून दाखवला.

माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या बाईला लोकांनी आपली पोरं दिली आणि पोरांनी आपल्या मनातलं दिलं. मॅडमनी मला हाताशी धरून शिकवलं, कधी कमी लेखलं नाही. शेवंताआक्कानं तिचा एवढा जुना नेम माझ्या शब्दावर जरासा वाकवला. मला याहून काय हवं होतं? रोज संध्याकाळी दिवा लावताना एकेकाचं नाव घेते, आणि घेता घेता दिव्यात परत तेल घालावं लागतं.

बरं, आता बास माझं. तुमचं राहिलंच. घरी कुणी गप्पगप्प असेल, कुणी उगीच आदळआपट करत असेल, तर पोराला घेऊन या. पोर नसलं तरी या. विश्रामबागेत आमचं घर कुणीही दाखवील. भावाकडून यंदाच्या शेंगा येतीलच, फोडायला हात हवेतच की. दिवाळी झाली की लवकर या, पुढं ढकलू नका. आणि निघताना मी आत चहाचं भांडं धूत असले, तर तशाच गुपचूप सटकू नका. स्वयंपाकघरात यायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं आणि सांगून जायचं.